नॅशनल ऑनर सोसायटी: जीपीए आहे, मग निवड का होत नाही?

जाईजुई

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या गटांत एक प्रश्न हमखास येतो. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.९ आहे, तरी नॅशनल ऑनर सोसायटीत घेतलं नाही, असं कसं? (ही हायस्कूलमधल्या निवडक विद्यार्थ्यांना सन्मान म्हणून सदस्य करून घेणारी राष्ट्रीय संस्था.) त्यावर येणारी उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. चॅप्टरचं, म्हणजे सोसायटीच्या शाळेतल्या शाखेचं, काम जवळून माहीत असलेली मंडळी इथे आहेत, म्हणून हा धागा काढते आहे. सुरुवात माझ्यापासून.

सोसायटी १९२१ सालची. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती स्थापन केली, आणि पुढाकार होता पिट्सबर्गच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हायस्कूलचे मुख्याध्यापक एडवर्ड रायनर्सन यांचा. तेव्हापासून कसोट्या चारच आहेत. स्कॉलरशिप, म्हणजे अभ्यास. सर्व्हिस, म्हणजे सेवा. लीडरशिप, म्हणजे पुढाकार. आणि कॅरेक्टर, म्हणजे वर्तन. मिडल स्कूलसाठीची ज्युनिअर सोसायटी १९२९ मध्ये निघाली. तिथे नागरिकत्व हा पाचवा खांब आहे. ज्युनिअरचं सदस्यत्व हायस्कूलमध्ये आपोआप पुढे चालत नाही, तिथे पुन्हा निवड होते.

जीपीए ही फक्त पहिली चाळणी. तिच्यातून पार पडलं की मूल पात्र ठरतं, निवडलं जात नाही. शाळेकडून येणारं पहिलं पत्र पात्रतेचं असतं. तेच अभिनंदनाचं समजून पुण्या-नाशकात आजी-आजोबांना फोन जातात आणि निवडीचा खरा महत्त्वाचा फॉर्म शेवटच्या रात्री अकरा वाजता भरला जातो. निम्मं नुकसान इथेच होतं.

निवड करतं फॅकल्टी कौन्सिल. मुख्याध्यापकांनी नेमलेले पाच शिक्षक त्यात असतात. चॅप्टरचं काम पाहणारा शिक्षक, म्हणजे ॲडव्हायझर, बैठक घेतो, पण त्याला मत नसतं. मुख्याध्यापकही कौन्सिलवर बसत नाहीत. पाचांपैकी तिघांचा होकार लागतो. 'यंदा इतकेच घ्यायचे' असा कोटा नसतो, त्यामुळे शेजारच्या मुलाची निवड झाली म्हणून आपल्या मुलाची जागा गेली असं होत नाही. नववीतल्यांना प्रवेश नाही. दहावी ते बारावीतले विद्यार्थी, आणि त्या शाळेत किमान एक सेमिस्टर झालेलं असावं लागतं.

दवबिंदू

धाग्याबद्दल आभार. जीपीए वेटेड, म्हणजे अवघड विषयांना जास्त वजन देऊन, धरतात की अनवेटेड, म्हणजे सगळे विषय सारखेच मोजून? आणि नववीतला एखादा सी पुढे भरून निघतो का?

गणितप्रेमी

राष्ट्रीय किमान ८५ टक्के, किंवा बी, किंवा ४ पैकी ३.०. चॅप्टरला ही मर्यादा वर नेता येते, खाली आणता येत नाही. वेटेड की अनवेटेड हे चॅप्टरच्या बायलॉजमध्ये, म्हणजे लेखी नियमावलीत, लिहिलेलं असतं. ते बहुधा शाळेच्या संकेतस्थळावर असतात, नसले तर ॲडव्हायझरकडे मागायचे. तोंडी माहितीवर विसंबू नका.

जीपीए क्युम्युलेटिव्ह असतो, म्हणजे नववीच्या पहिल्या सेमिस्टरपासूनचा. काही शाळा-जिल्ह्यांत आठवीत घेतलेला अल्जिब्राही हायस्कूलच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, येतो आणि मोजला जातो.

भरून निघतो का, ते आकड्यांनी पाहू. समजा चॅप्टरची अट ३.५ अनवेटेड आहे आणि दर सेमिस्टरला सात विषय. तीन सेमिस्टरचे २१ विषय झाले, त्यांत (ए ला ४, बी ला ३ असे धरून) ७० गुणांक मिळाले, म्हणजे जीपीए ३.३३. चौथ्या सेमिस्टरला सातही विषयांत ए मिळाला तर २८ विषयांत ९८, म्हणजे बरोब्बर ३.५०. एका विषयात बी आला तर ९७, म्हणजे ३.४६. राहिलं. म्हणून 'दहावीत बघू' हे गणित जमत नाही. जितके विषय जमा होतात तितका आकडा जड होतो आणि हलेनासा होतो. ज्यांच्या शाळेत प्लस-मायनस (ए-, बी+ असे ग्रेड) धरतात त्यांनी त्या कोष्टकाने पुन्हा मांडावं.

आणखी एक. अट ३.५ असताना ३.४९ ला ३.५ धरायचं की नाही, हेही बायलॉजच ठरवतात. विनंती करून आकडा वर जात नाही.

तगर

सेवेबद्दल लिहिते, कारण सगळ्यांत जास्त फॉर्म इथे अडकतात.

तास किती हवेत हे राष्ट्रीय पातळीवर ठरलेलं नाही, प्रत्येक चॅप्टर आपला आकडा ठरवतं. सेवा म्हणजे मोबदला न घेता दुसऱ्यासाठी केलेलं काम. पगारी नोकरी धरत नाहीत. घरच्या धाकट्या भावाला शिकवणं किंवा काकांच्या दुकानात बसणं बहुतेक चॅप्टर धरत नाहीत.

आपल्या मंडळांचा प्रश्न नेहमी येतो. गणेशोत्सवात मुलगी लेझीम पथकात नाचली, तर ती सेवा नव्हे, ते सादरीकरण झालं. तिच्या तालमींचे तासही नाहीत. त्याच दिवशी तिने सकाळी आठपासून खुर्च्या मांडल्या, जेवणाच्या रांगेत वाढलं, संध्याकाळी हॉल झाडून दिला, तर ते तास धरले जाऊ शकतात. आरतीला हजर राहणं ही सेवा नाही. त्याच देवळाच्या स्वयंपाकघरातून बेघरांच्या निवाऱ्यासाठी जेवणाचे डबे भरून दिले, तर आहे. रविवारच्या मराठी शाळेत मदतनीस म्हणून काम करणं मला सगळ्यांत भक्कम वाटतं. वर्षाचे २८ रविवार, दर वेळी दोन तास म्हणजे ५६ तास, तेही एकाच ठिकाणी, एकाच जबाबदारीने. मात्र काही चॅप्टर फक्त नोंदणीकृत ना-नफा संस्थेचेच तास घेतात, काही धार्मिक संस्थेचे अजिबात घेत नाहीत. काम सुरू करण्याआधी ॲडव्हायझरला ईमेल करून विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. तास झाल्यावर विचारणं म्हणजे परीक्षा झाल्यावर अभ्यासक्रम मागण्यासारखं आहे.

नोंदवहीत दर वेळी तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, नेमकं काम, देखरेख करणाऱ्याचं नाव, फोन किंवा ईमेल आणि त्यांची सही. सही त्याच दिवशी घ्यायची. सहा महिन्यांनी एकाच पेनाने एकाच बैठकीत केलेल्या बारा सह्या कौन्सिलला लगेच ओळखू येतात. सही करणारी व्यक्ती आई-वडील नसावी. मंडळाच्या अध्यक्ष तुम्हीच असाल तर दुसऱ्या पदाधिकाऱ्याची घ्या. आणि तास गोल करू नका. सगळीकडे ३, ५, १० असेच आकडे असले की संशय येतो. २ तास २० मिनिटं असतील तर तसंच लिहा.

सगळे तास ऑगस्टच्या एका पंधरवड्यात आले तर नियमात बसतात, पण मत देणारा शिक्षक काय समजायचं ते समजतो. फूड बँकांना वयाची अट असते आणि शनिवारच्या जागा आधीच भरतात. रुग्णालयांत बहुतेक ठिकाणी क्षयाची चाचणी आणि ओळखवर्ग आधी करावा लागतो, त्यात काही आठवडे जातात. म्हणून सुरुवात लवकर हवी.

दवबिंदू

रक्तदान शिबिर धरतात का? आमच्या शाळेचं चॅप्टर दर वर्षी भरवतं.

तगर

ते चॅप्टरचं सामूहिक काम झालं. प्रत्येक चॅप्टरला वर्षाला एक सामूहिक सेवाप्रकल्प करावाच लागतो, आणि सदस्याने त्यात भाग घेऊन शिवाय आपला वैयक्तिक प्रकल्पही करायचा असतो. रेड क्रॉसच्या शिबिरात बहुतेक राज्यांत १६ व्या वर्षी पालकांच्या संमतीने रक्त देता येतं, वजन किमान ११० पौंड, म्हणजे जवळपास ५० किलो लागतं, आणि किशोरवयीनांसाठी उंची-वजनाचं वेगळं कोष्टकही आहे. रक्त देता आलं नाही तरी नोंदणीचं टेबल, वेळा वाटून देणं, रक्त दिल्यावर मुलांना रस-बिस्किटं देऊन पंधरा मिनिटं बसवून ठेवणं, ही कामं असतातच. तास त्या कामाचे धरायचे, नुसत्या रक्तदानाचे नाहीत.

उंबरठा

लीडरशिपच्या रकान्यात आपल्या मुलांचे फॉर्म सगळ्यांत कोरडे असतात. 'रोबोटिक्स क्लब, सदस्य, दोन वर्षं', 'डिबेट, सदस्य'. हे हजेरीपत्रक झालं.

पद असलंच पाहिजे असं नाही. काय अडलं होतं, मी काय केलं, त्याने काय बदललं, इतकंच कौन्सिलला हवं असतं. तुलना करून बघा. 'डिबेट क्लबचा सदस्य' याच्याऐवजी 'नवीन आलेल्या सहा जणांसाठी दर मंगळवारी ४० मिनिटांचा सराव सुरू केला, त्यातले चौघे वसंतातल्या स्पर्धेत उतरले'. दुसऱ्या वाक्यात पदाचा उल्लेखही नाही, तरी त्यातून पुढाकार दिसतो. उलट 'उपाध्यक्ष' लिहून खाली काहीच नसेल तर पदही पोकळ वाटतं.

शाळेबाहेरचं चालतं. पगारी नोकरी सेवेत धरत नाहीत, पण लीडरशिपमध्ये धरतात. आइस्क्रीमच्या दुकानात पाळी संपवून हिशेब मिटवण्याची जबाबदारी सोळा वर्षांच्या मुलावर असेल तर ते नक्की लिहा. ऑर्केस्ट्रात आपल्या वाद्याच्या गटाला सूर मिळवून देणारी मुलगी, मैदानावर धाकट्यांना उष्णतेत पाणी प्यायला लावणारा मुलगा, हेही लिहिण्यासारखं. मुलांना वाटतं ही काय सांगायची गोष्ट आहे. आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. त्यांना एवढंच सांगा की विशेषण एकही वापरू नकोस, फक्त काय केलंस ते आकड्यानिशी लिही. मग ती बढाई राहत नाही.

समईची_वात

आता कॅरेक्टर. पालकांना हा खांब सगळ्यांत धूसर वाटतो, आणि ३.९ वाले इथेच थांबतात.

बऱ्याच शाळांत पात्र विद्यार्थ्यांची यादी सगळ्या शिक्षकांकडे फिरते आणि ते गोपनीय अभिप्राय देतात. तो अभिप्राय म्हणजे मतदान नव्हे. निर्णय कौन्सिलचाच. एखाद्या शिक्षकाला मूल आवडत नाही, एवढं कारण पुरत नाही. वर्गात जे प्रत्यक्ष घडलं त्याचा आधार द्यावा लागतो. सहा गोष्टी पाहतात: आदर, जबाबदारी, विश्वासार्हता, न्यायबुद्धी, इतरांची काळजी आणि नागरिकत्व. यातली प्रत्येक गोष्ट वागण्यातून दिसते, निबंधातून नाही.

विरोधात जातं काय? पहिला क्रमांक शैक्षणिक प्रामाणिकपणाचा. गृहपाठ गटात टाकणं, दुसऱ्या तासाला झालेल्या चाचणीचा फोटो पाचव्या तासाच्या मित्राला पाठवणं, एआयने लिहिलेला उतारा आपला म्हणून देणं. इथे देणारा आणि घेणारा दोघे सारखेच दोषी धरले जातात. 'मी तर फक्त मदत केली' असं म्हणणारी मुलं बहुधा हुशार असतात, आणि म्हणूनच जास्त अडकतात. मग उशिरा येणं, न सांगता गैरहजर राहणं, गटातल्या प्रकल्पात काम दुसऱ्यावर ढकलणं. बदली शिक्षक आले की कसं वागतो, कॅन्टीनमधल्या कर्मचाऱ्यांशी कसं बोलतो, हे शिक्षकांच्या चांगलं लक्षात राहतं. आणि दर चाचणीनंतर अर्ध्या गुणासाठी वाद घालणं. चूक दाखवून गुण मागणं वेगळं. प्रत्येक वेळी टेबलापाशी उभं राहणं वेगळं.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार लागते. ती गप्प असतात. वर्गात शेवटपर्यंत हात वर करत नाहीत, काम चोख करून निघून जातात. अशा मुलाबद्दल वाईट कोणी लिहीत नाही, पण चांगलं लिहायलाही शिक्षकाकडे काही नसतं, आणि रकाना कोरा राहतो. उपाय खुशामत नाही. महिन्यातून एकदा शिक्षकांच्या मोकळ्या वेळेत जाऊन न समजलेला एक प्रश्न विचारायचा. गैरहजर राहिलेल्या सोबत्याला टिपणं द्यायची. प्रयोगशाळेतलं सामान आवरायला थांबायचं. वर्षभरात शिक्षकाला मूल ओळखीचं होतं.

आणि आधी काही घडलेलं असेल, म्हणजे नववीत कॉपीची नोंद असेल, तर फॉर्ममध्ये ते स्वतःहून दोन ओळींत लिहावं: काय झालं, त्यानंतर काय बदललं. लपवलेली नोंद कौन्सिलला सापडली तर मूळ चुकीपेक्षा लपवणं जड जातं.

कोयनाकाठ

समईची_वात यांनी नेमकं मांडलं. त्यात एक जोड. कॅरेक्टरचा अर्थ शाळेला हवा तसा लावता येत नाही. १९९८ मध्ये केंटकीत दोन मुलींना त्या गरोदर होत्या, पुढे आई झाल्या म्हणून एका चॅप्टरने नाकारलं होतं. संघीय न्यायालयाने त्यांना सामील करून घेण्याचा आदेश दिला, कारण हा लिंगावरून केलेला भेद ठरत होता. कौन्सिलला अधिकार आहे, पण तो कायद्याच्या चौकटीत.

नकार आला तर काय करावं? कौन्सिल प्रत्येक नकाराचं कारण लेखी द्यायला बांधील नसतं. तरी ॲडव्हायझरला भेटून विचारता येतं, आणि ती भेट मुलाने स्वतः मागावी. प्रश्न 'मला का नाही घेतलं' असा नको. 'चारपैकी कुठला भाग कमी पडला, पुढच्या वेळी काय दाखवावं' असा हवा. त्याआधी घरी तपासा: फॉर्मचं एखादं पान राहिलं का, तासांची बेरीज चुकली का, बदललेला ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर चढला का. अशी प्रक्रियेतली चूक असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा, पुराव्यासह, एका पानात. राष्ट्रीय कार्यालय अपील ऐकत नाही, तिथे पत्र पाठवून वेळ जातो. दहावीत नकार आला तर अकरावीत पुन्हा संधी असते.

निवड झाल्यावर काम संपत नाही. जीपीए घसरला किंवा तास राहिले तर लेखी ताकीद आणि सुधारायला मुदत मिळते. शाळेच्या नियमांचा किंवा कायद्याचा गंभीर भंग झाला तर ताकीद न देताही कारवाई होते, पण कौन्सिलपुढे बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते. एकदा काढून टाकलं की पुन्हा कधीच सदस्य होता येत नाही. स्वतः राजीनामा दिला तरी तेच. बारावीत कंटाळा आला म्हणून राजीनामा टाकणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

ओहायोकर

नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्या कुटुंबांसाठी: सदस्याने शाळा बदलली तर नव्या शाळेच्या चॅप्टरने त्याला सामील करून घ्यायचं असतं, पुन्हा निवड नाही. त्यासाठी जुन्या ॲडव्हायझरचं किंवा मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. निघण्याआधीच ते हातात घ्या, उन्हाळ्यात शाळेत कोणी भेटत नाही. नव्या चॅप्टरची अट जास्त असेल तर ती एका सेमिस्टरमध्ये गाठावी लागते. अजून निवड झालेली नसेल आणि शाळा बदलली, तर मात्र नव्या शाळेतलं सेमिस्टर पूर्ण व्हावं लागतं. तरीही काउन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला, सांगून जुन्या शाळेच्या शिक्षकांचा अभिप्राय मागवता येतो का ते पाहा.

दुसरं, टपालाने येणारी सोनेरी शिक्क्याची पत्रं. नावात 'ऑनर' किंवा 'स्कॉलर' असतं, आत सदस्यत्वाची फी भरायला सांगितलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. नॅशनल ऑनर सोसायटीचं बोलावणं शाळेकडून येतं, तिचा ॲडव्हायझर शाळेतच शिकवत असतो, आणि चॅप्टरची वर्गणी वर्षाला २० डॉलरच्या वर नसते. दीक्षान्त समारंभात गळ्यात घालायची दोरी आणि स्टोल, म्हणजे पट्टा, यांचे पैसे वेगळे पडतात. शाळेच्या काउन्सेलरला माहीत नसलेल्या संस्थेला कार्डाचा नंबर देऊ नका.

सॅन_होजेकर

कॅलिफोर्नियात याच्याशी नेहमी गल्लत होते ती सीएसएफची, म्हणजे कॅलिफोर्निया स्कॉलरशिप फेडरेशनची. तीही १९२१ चीच, पण पद्धत वेगळी. तिथे कौन्सिल नाही. मागच्या सेमिस्टरच्या ग्रेडवर गुण मिळतात: ए ला ३, बी ला १, सी ला काही नाही. जास्तीत जास्त पाच विषयांतून १० गुण जमवायचे. कुठल्याही विषयात डी किंवा एफ आला की त्या सेमिस्टरला बाद. विषयांच्या तीन याद्या असतात, पहिलीतून किमान ४ आणि पहिल्या दोन मिळून किमान ७ गुण यावे लागतात. दर सेमिस्टरला नव्याने अर्ज करायचा. मुदत सेमिस्टरच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच संपते आणि मागाहून अर्ज घेत नाहीत. शेवटच्या तीन वर्षांत चार सेमिस्टर, त्यांतलं एक बारावीतलं, असं झालं की आजीव सदस्यत्व. दोन्हींत असायला हरकत नाही.

दवबिंदू

कॉलेजच्या अर्जात याचं वजन किती?

उंबरठा

नुसत्या सदस्यत्वाचं फार नाही. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जावर, सन्मानांसाठी पाच जागा असतात, एकात १०० अक्षरं. तिथे एक ओळ येईल. उपक्रमांच्या दहा जागांमध्ये वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. चॅप्टरमधून मुलाने शिकवणी केंद्र चालवलं असेल तर ते तिथे लिहावं, नुसतं 'सदस्य' लिहून जागा दवडू नये. सोसायटीची स्वतःची शिष्यवृत्तीही आहे, १९४६ पासून, पण ती फक्त बारावीतल्या सदस्यांना. अकरावीअखेर निवड झालेली असावी हे याचंही कारण.

दवबिंदू

शेवटचा प्रश्न. मुलगी यंदा नववीत गेली. आत्ता काय करून ठेवावं?

जाईजुई

चार गोष्टी. शाळेच्या चॅप्टरचे बायलॉज आजच उतरवून घ्या आणि जीपीएची अट, तासांचा आकडा, फॉर्मची तारीख एका कागदावर लिहून भिंतीला लावा. एक स्प्रेडशीट उघडा, तगर यांनी सांगितलेले रकाने घाला, आणि ते भरायचं काम मुलीकडेच द्या, दर रविवारी दहा मिनिटं. आठ ठिकाणी थोडं थोडं करण्यापेक्षा सेवेची एक जागा निवडू द्या, तिला आवडेल ती. आणि पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेडकडे लक्ष असू द्या. गणितप्रेमींचं कोष्टक तिथूनच सुरू होतं.

फॉर्म आला की कच्चा मसुदा तिने मुदतीच्या दहा दिवस आधी लिहावा. तुम्ही वाचा, पण वाक्यं बदलू नका. पंधरा वर्षांच्या मुलीच्या फॉर्ममध्ये चाळीस वर्षांच्या माणसाची भाषा आली की पाच शिक्षकांपैकी एखाद्याला तरी ती ओळखू येतेच.

दवबिंदू

बायलॉज मिळाले. आमच्याकडे अनवेटेड ३.६, वर्षाला २५ तास, आणि मराठी शाळेचे तास चालतात का ते स्पष्ट लिहिलेलं नाही. मुलीलाच आज ॲडव्हायझरना ईमेल करायला सांगते.